कांदा-बटाटा विभागातली कॅप्टन

मार्केट यार्डात त्या दिवशी चार ट्रक एकमेकांत अडकले होते, आणि त्यांच्या मधोमध मी उभी होते.

उभं राहायचं मला खरं तर काहीच कारण नव्हतं. गुलटेकडीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मुलाखत देऊन मी निघाले होते. रिक्षा मिळेना, म्हणून कांदा-बटाटा विभागातून आडवी चालत सुटले. बटाट्याचे दोन ट्रक आत येत होते, कांद्याचे दोन बाहेर निघाले होते, आणि चारही ड्रायव्हर खिडकीतून निम्मे बाहेर येऊन एकमेकांच्या घराण्याची चौकशी करत होते. हमाल पाठीवर गोण्या घेऊन ताटकळले होते. मागे हटायला कुणीच तयार नव्हतं.

पाच मिनिटं मी नुसतं पाहिलं. सहाव्या मिनिटाला राहवेना.

"ए, निळी गाडी! हां, तूच! इंजिन बंद कर आधी!"

आवाज माझाच होता. चार महिने घशात कुठेतरी पडून होता, तो एकदम बाहेर आला. ड्रायव्हरने दचकून खरंच इंजिन बंद केलं. मग मी पदर कमरेला खोचला. एकाला डावीकडे कट मारायला लावला, दुसऱ्याला गाळ्याच्या ओट्यापर्यंत मागे नेलं – "ये... ये... अजून ये... बस!" – आणि दहा-बारा मिनिटांत रस्ता मोकळा.

"बाई, आपण ट्रॅफिक पोलिसात का?"

मागे वळून पाहिलं. ओट्यावर गोण्यांच्या थप्पीला टेकून एक माणूस उभा होता. पस्तिशीचा असेल. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, खांद्यावर कांद्याचं एक साल चिकटलेलं. चेहरा अगदी गंभीर. पण कानावर खोचलेलं पेन हलत होतं, म्हणजे हसू आवरणं चाललं होतं.

"नाही," मी म्हणाले.

"मग कशात?"

"सध्या... कशातच नाही."

हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. ते इतकं सहज निघालं, की माझं मलाच कसंतरी झालं.

त्यांनी एक स्टूल पुढे सरकवलं. "बसा. माझा गाळा तासभर अडला असता. निदान चहा तरी पाजू द्या. मी संपत कामठे."

"हेमा देवस्थळी," मी म्हणाले. आणि सवयीने त्याच्या आधी 'कॅप्टन' लावणार होते, तो शब्द गिळला.

दोन हजार चार सालची ही गोष्ट. सैन्याच्या रसद विभागात मी दहा वर्षं अधिकारी होते. माझी मुदत संपली. कायमची नेमणूक तेव्हा आम्हा बायकांना नव्हती. हातात एक प्रमाणपत्र आणि दोन लोखंडी पेट्या घेऊन मी बिबवेवाडीला नानांच्या फ्लॅटवर परत आले. नाना म्हणजे माझे वडील, दिगंबर देवस्थळी, निवृत्त मुख्याध्यापक. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. रोज सकाळी मी पाचला उठून, आवरून, पलंगाच्या चादरीला एकही सुरकुती राहू न देता तयार व्हायचे. नाना पेपरमागून विचारायचे, "आज कुठली सीमा?"

"मुलाखत."

"शत्रूला सांभाळून घे."

शत्रू निराळाच निघायचा. त्या दिवशीच्या मॅनेजरने माझा अर्ज वाचून आधी दाराकडे पाहिलं. "कॅप्टन म्हणजे... मिस्टर बाहेर थांबलेत का?"

"कॅप्टन मीच."

"अच्छा, अच्छा! मग रिसेप्शनला बसाल का? आवाज छान आहे तुमचा."

हे सगळं मी संपतरावांना चहा पिता पिता सांगून टाकलं. अनोळखी माणसाला कधीकधी सांगता येतं. ते मध्ये बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "आवाज छान आहे हे खरंय. चार ड्रायव्हरांनी ऐकला."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी. ते लपवायला मी शेजारच्या फोडलेल्या गोणीतला एक बटाटा उचलला, हातात तोलला, अंगठ्याने दाबला, आणि बोलून गेले, "हा लॉट घेऊ नका."

"का? आग्र्याचा आहे. एकदम टणक."

"ताडपत्री आवळून बांधून आणलाय. हवा लागलेली नाही. कापून बघा."

त्यांनी सुरी घेतली. बटाटा बाहेरून सोन्यासारखा होता, आणि आत मधोमध काळा डाग. दुसरा कापला. तोही तसाच. तिसरा कापायच्या आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं... आणि मी उगीचच पदर सारखा केला. लेहच्या बर्फाळ वाऱ्यात ज्या गालांना काही झालं नाही, ते मार्केट यार्डातल्या उन्हात गरम झाले.

*

चार दिवसांनी मी पुन्हा तिथून गेले. चुकून. मुलाखत स्वारगेटला होती, पण रस्ता कसा चुकतो ते काय सांगावं!

"कॅप्टन!" ओट्यावरून हाक आली. "मिळाली का नोकरी?"

"नाही. म्हणाले, तुमचा अनुभव आमच्या कामाचा नाही."

"काय लिहिता तुम्ही अर्जात? आणा बघू इकडे."

तेवढ्यात परतीचा पाऊस आला. दोन थेंब पडले न पडले तोच जोरात कोसळला. उघड्यावर गोण्या होत्या. मी फाइल त्यांच्या हातात दिली, आणि त्यांचा मुकादम बजरंग ताडपत्रीचं एक टोक ओढत होता, त्याचं दुसरं टोक जाऊन पकडलं. झाकून, बांधून, ओलीचिंब होऊन परत आले तर संपतराव फाइल उघडून उभे.

"उंची पाच फूट सहा," ते वाचत होते. "वर्ण गव्हाळ. स्वभाव..." ते थांबले. "स्वभाव मनमिळाऊ?"

मी झडप घातली. "तो कागद नाही!"

"नोकरीला वर्ण लागत नसावा, असं मला वाटलंच."

"नानांनी लिहिलाय. वधूवर मंडळासाठी. चुकून फाइलमध्ये..."

"मनमिळाऊ हे नानांचं मत का?"

"नानांचं खरं मत लिहिलं असतं तर मंडळाने फॉर्मच घेतला नसता."

या वेळी कानावरचं पेन पडलं. ते उचलत, हसत त्यांनी मला एक कोरडा पंचा दिला. पंच्याला कांद्याचा वास होता. मी केस पुसत बसले आणि ते खरा अर्ज वाचू लागले.

"'कमांडेड अ ट्रान्सपोर्ट प्लाटून' म्हणजे काय?"

"तीस ट्रक, चाळीस ड्रायव्हर. घाटातून पलीकडे न्यायचे, परत आणायचे."

"मग तसं लिहा ना. किती ड्रायव्हर काम सोडून पळाले?"

"कोणीच नाही."

"तेही लिहा. या गल्लीत त्यासाठी माणसं नवस बोलतात. आणि हे? 'हाय अल्टिट्यूड'?"

"लेह. उन्हाळ्यात रस्ता उघडा असतो, तेवढ्यात अख्ख्या हिवाळ्याचा साठा वर न्यायचा. कांदा, बटाटा, डाळ... सगळं. तिथे कांदा जपावा लागतो. एकदा गोठला की संपला. एकमेकांवर आपटला तर काचेसारखा वाजतो."

शेजारच्या ढिगातला एक कांदा उचलून त्यांनी कानाशी नेला. "पंधरा वर्षं विकतोय मी हा," ते हळूच म्हणाले. "वाजतो हे माहीत नव्हतं."

बाहेर पत्र्यांवर पाऊस वाजत होता. ओल्या मातीचा आणि गोणपाटाचा वास सगळीकडे भरला होता. मला वाटलं, गेल्या चार महिन्यांत मी किती जणांना लेह सांगितलं. कोणी कांदा कानाशी नेला नव्हता.

"तुम्हाला काय आठवतं सगळ्यात जास्त?" त्यांनी विचारलं.

"तिथे सकाळ झाली की कोणीतरी विचारायचं, मॅडम, आज काय करायचं? आणि मला उत्तर माहीत असायचं." मी पंच्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "इथे कोणी विचारत नाही. आणि विचारलं तरी... मला माहीत नाही."

यावर त्यांनी समजूत घातली नाही. माझा अर्ज गुडघ्यावर ठेवला आणि एकेक ओळ खोडून, साध्या मराठीत नवी लिहायला घेतली. पाऊस थांबला तेव्हा मी कोण आहे ते दीड पानात लिहून झालं होतं. वाचताना मला ती बाई बरी वाटली. कामाची वाटली.

*

मग रस्ता वरचेवर चुकू लागला.

संपतराव मूळचे कात्रजकडचे. घरची शेती होती, ती शहरात गेली. वडिलांनी वेळेवर गाळा घेतला. घरी आई, सोजरबाई. एकदा मी सरळच विचारलं, "लग्न?"

"झालं होतं. दीड वर्ष टिकलं." ते चहाच्या पेल्याकडे पाहत होते. "ती म्हणायची, कपड्यांचा कांद्याचा वास जात नाही. कारण ते नसणार. पण मी कधी नीट विचारलं नाही. मला वाटायचं, सांगायचं असेल तर सांगेल. एक दिवस माहेरी गेली. कागद झाले. तिचं आता छान चाललंय, असं ऐकतो."

"वाईट वाटतं?"

"माझ्या गप्प बसण्याचं वाटतं."

थोड्या वेळाने, अगदी सहज दाखवत, त्यांनी विचारलं, "माझ्याकडेच का नाही काम करत? माल पारखायला माणूस हवाच आहे."

"नको."

"का? मालक वाईट आहे?"

"तुमच्याकडे नोकरी केली, तर मग मी तुमच्याशी भांडणार कशी?"

"आत्ता तरी कुठे भांडता?"

"तयारी चालू आहे."

बजरंग गोणी पाठीवर घेऊन चालला होता. जाता जाता म्हणाला, "शेठ, बाईंचं बराबर हाय." आम्ही दोघंही दुसरीकडे पाहू लागलो.

नोव्हेंबरच्या मध्यावर गुडगावहून पत्र आलं. मोठी कंपनी, मालवाहतुकीच्या विभागाची प्रमुख, राहायला घर. मी पाठवलेला तो दीड पानी अर्ज कंपनीने इंग्रजीत करून घेतला होता. आठवडाभरात उत्तर कळवायचं होतं. मी घरी जायच्या आधी पत्र घेऊन गाळ्यावर गेले.

संपतरावांनी ते दोनदा वाचलं. नीट घडी करून परत दिलं.

"जा," ते म्हणाले. "मोठं काम आहे. तुमच्या मापाचं आहे."

"एवढंच?"

"अजून काय बोलू? तुम्हाला अडवणारा मी कोण?"

"हेच विचारतेय. कोण?"

लिलावाचा गलका चालू होता, कोणीतरी "शेठ, शेठ" करत होतं. ते तिकडे वळले. मला इतका राग आला, की मी बिबवेवाडीपर्यंत चालत गेले.

नानांनी दार उघडून माझा चेहरा पाहिला. "हरलो का जिंकलो?"

"नोकरी मिळाली. गुडगावला."

"मग हा चेहरा कशाचा?"

मी खोलीत जाऊन दोन्ही पेट्या पलंगाखालून ओढल्या. दर दोन-तीन वर्षांनी एक कागद यायचा आणि मी अशाच पेट्या भरायचे. बबिना, पठाणकोट, लेह, जोरहाट. मला कधी कुणी विचारलं नव्हतं, जायचंय का? मीही स्वतःला विचारलं नव्हतं. त्याची गरजच नसायची. त्या दुपारी मी उघड्या पेटीसमोर जमिनीवर बसले आणि पहिल्यांदाच विचारलं. उत्तर यायला फार वेळ लागला नाही. पण ते संपतरावांमुळे आलं असतं तर मला चाललं नसतं. म्हणून मी ते पुन्हा एकदा तपासलं – संपतराव नसते, तरी? तरीही मला हेच शहर हवं होतं. नानांचे टोमणे हवे होते. एका जागी राहून, एखादं झाड मोठं होताना बघायचं होतं. मग दुसऱ्या दिवशी मी वारज्याला गेले.

वारज्यात विजयमालाबाईंचं मोठं स्वयंपाकघर होतं. हिंजवडीच्या कंपन्यांना दुपारचं जेवण जायचं, रोज चार हजार ताटं. खरेदी आणि गाड्या सांभाळणारं माणूस त्यांच्याकडे टिकत नव्हतं, असं पेपरातल्या जाहिरातीवरूनच कळत होतं. ती तिसऱ्यांदा आली होती. बाई पन्नाशीच्या, हातात झारा, कपाळावर घाम. मुलाखत त्यांनी कढईसमोरच घेतली.

"किती लोकांना जेवण पुरवलंत?"

"अकरा हजार. बर्फात."

"इथे बर्फ नाही. चांदणी चौकातली वाहतूक आहे."

"किती वाजता गाड्या निघतात?"

"साडेदहा."

"नऊ पन्नासला निघायला हव्यात."

बाईंनी झारा खाली ठेवला. "भाजी चिरून व्हायला नको?"

"भाजी आदल्या दिवशी निवडून आली तर होईल. मार्केट यार्डात मी स्वतः जाईन."

"पगार गुडगावसारखा मिळणार नाही," बाई म्हणाल्या. मी त्यांना सगळं सांगून टाकलं होतं.

"माहीत आहे."

"कधीपासून येता?"

"आत्ता," मी म्हणाले, आणि पदर खोचला.

*

तीन दिवसांनी गाळ्यासमोर विजयमालाबाईंचा टेम्पो उभा राहिला आणि त्यातून मी उतरले, तेव्हा संपतराव हिशेबाच्या वहीत मान घालून बसले होते. दाढी वाढली होती.

"चाळीस गोण्या बटाटा," मी म्हणाले. "आणि बघून घेणार."

त्यांनी मान वर केली. वही मिटली.

"गुडगाव?"

"नाही म्हणून कळवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एका कागदाला नाही म्हटलं."

"कसं वाटलं?"

"भीती वाटली. घाटात सुद्धा कधी वाटली नव्हती इतकी."

"हेमा..." ते उठून उभे राहिले. पहिल्यांदाच नावाने हाक मारत होते. "त्या दिवशी मला म्हणायचं होतं, जाऊ नका. मग वाटलं, ते म्हणणं म्हणजे तुमच्या पायात पाय घालणं. म्हणून..."

"म्हणून पुन्हा गप्प बसलात."

"हो. पुन्हा."

"जाऊ नका म्हणाला असतात, तर कदाचित मी हट्टाने गेले असते," मी म्हणाले. "पण ऐकायला आवडलं असतं."

त्या दिवशी मी सतरा गोण्या परत केल्या. बजरंग कपाळाला हात लावून म्हणाला, "शेठ, बाईंनी निम्मा माल माघारी धाडलाय की!" शेठ म्हणाले, "धाडू दे." आणि पुढच्या खेपेला माझ्यासाठी वेगळा निवडून ठेवलेला माल पाहिला, तर त्यात खरंच काही काढण्यासारखं नव्हतं. तरी मी दोन गोण्या काढल्या. भांडायला काहीतरी हवं होतं.

महिनाभर असं चाललं. काम मला आवडू लागलं. नऊ पन्नासला गाड्या निघायच्या. सकाळी सहाच्या थंडीत मार्केट यार्डात उतरलं की टेम्पोचा ड्रायव्हर, भाजीवाल्या, बजरंग, सगळे विचारायचे, मॅडम, आज काय? आणि मला माहीत असायचं. लेहमध्ये मला लोक माझ्या खांद्यावरच्या ताऱ्यांमुळे विचारायचे का, असा एक संशय मनात होता. तो गेला.

मग एका रविवारी सकाळी मी नानांच्या समोर बसले.

"नाना, मला लग्न करायचंय. मी विचारत नाहीये, सांगतेय."

पेपर खाली आला. "कोण?"

"संपत कामठे. मार्केट यार्डात कांद्या-बटाट्याचे व्यापारी आहेत. एक लग्न होऊन मोडलंय. आपल्यातले नाहीत."

नानांना हे सोपं जात नव्हतं, मला दिसत होतं. चष्मा काढून त्यांनी पुसला, पुन्हा घातला.

"तुझी आई असती तर रडली असती. आधी रागाने, मग आनंदाने. मला दोन्ही जमत नाही." त्यांनी पेपर पुन्हा उचलला. पेपरमागून आवाज आला, जरा घोगरा. "त्यांना विचारलंस का?"

"नाही अजून."

"मग मला कशाला आधी सांगतेस? आघाडी सोडून मुख्यालयात काय करतेस?"

सोमवारी मी नेहमीसारखी गाळ्यावर गेले. टेम्पो ओट्याला लागला. बजरंगने पहिली गोणी पाठीवर घेतली.

"संपतराव," मी म्हणाले, "तुमच्या गाळ्यावरून आता माल घेता येईलसं वाटत नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "का? माल खराब निघाला?"

"माल उत्तम आहे. काल विजयमालाबाईंशीही बोलले. खरेदीचा एक नियम असतो, सैन्यातही होता, इथेही मी लावलाय. घरच्या माणसाकडून खरेदी करायची नाही."

आजूबाजूला काटे खणखणत होते, लिलावाची बोली चढत होती. त्यांना काही ऐकू येत नसावं. मलाही येत नव्हतं.

"घरच्या..." ते म्हणाले. "मी?"

"अजून नाही. तेच विचारायला आलेय." आवाज मी सरळ ठेवला. "हो म्हणालात, तर माल बंद. नाही म्हणालात, तर चाळीस गोण्या, नेहमीसारख्या. सावकाश विचार करून..."

"बजरंग," ते माझ्यावरची नजर न काढता म्हणाले, "गोणी खाली ठेव."

"का हो शेठ?"

"बाईंचा माल बंद झाला."

बजरंग गोणी तशीच पाठीवर घेऊन आमच्याकडे बघत राहिला. संपत ओट्यावरून खाली उतरले आणि अख्ख्या कांदा-बटाटा विभागासमोर त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात मातीने भरलेला होता.

मी काही तो सोडवला नाही.